परत न गेलेली वाटी

भांडी आपसांत बोलायची, पण माणसांना ते ऐकू यायचं नाही, अशा एका काळी एका वाटीला दोन घरं होती. सकाळी ती द्वारकाबाईंची आमटी घेऊन शेजारच्या येसूबाईंकडे जायची आणि संध्याकाळी येसूबाईंची भाजी घेऊन परतायची.

एका उन्हाळ्यात येसूबाईंच्या घरातलं पीठ संपलं आणि चूल थंड पडली. घासलेली वाटी फळीवरच राहिली.

“मला परत का पाठवत नाहीत?” वाटीनं तव्याला विचारलं.

“काय घालून पाठवतील? शेजारणीची वाटी कुणी रिकामी देतं का?”

“रिकामीच पाठवावी. मला बघून द्वारकाबाईंना सगळं कळेल.”

“म्हणून तर पाठवत नाहीत,” तवा म्हणाला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून द्वारकाबाईंनी विचारलं, “काय केलं होतंस गं आज?”

“पिठलं,” येसूबाई म्हणाल्या.

द्वारकाबाईंनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पिठलं केलं आणि चव बघायलाही दिलं नाही, वर आपली वाटी ठेवून घेतली, हे त्यांच्या मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणंही सोडलं आणि आमटी देणंही.

पावसाळ्याआधीच येसूबाई गेल्या. घर आवरायला आलेल्या भाचीनं वाटी आणून दिली. द्वारकाबाईंनी आत पाहिलं.

“शेवटी रिकामीच पाठवली,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी वाटी फळीवर पालथी घातली.

वाटी ओरडून सांगत राहिली. शेजारच्या भांड्यांनी ते सगळं ऐकलं.