ड्यूकची बाही

मध्ययुगातल्या जर्मनीत एका ड्यूकला एकोणीस वर्षांच्या संसारानंतर अचानक धर्म आठवला. पाच मुली झाल्या, मुलगा नाही, हे त्याचं खरं दुखणं. पण भरदरबारात तो बिशपना म्हणाला, "ही रिखेन्झा माझ्या नात्यातली निघाली. आमचं लग्न म्हणजे पाप! ते रद्द करा, म्हणजे मी तरुण उटाशी दुसरं लग्न करायला मोकळा."

तिथे नातं हातावर मोजत. डोकं म्हणजे मूळ पुरुष, खांदा त्याची मुलं, कोपर नातवंडं, मनगट पणतवंडं. बोटांच्या टोकापर्यंत कुठेही नातं जुळलं की लग्न बाद. ड्यूकने स्वतःच बाही वर सारली आणि मनगटावर बोट ठेवलं. "हिच्या वडिलांचे आजोबा तेच माझ्या वडिलांचे आजोबा!"

पाच मुली एका क्षणात अनौरस ठरणार होत्या.

रिखेन्झा उठली. "बिशप महाराज, हाच हात धरून आता उटाचं नातं मोजा. ती माझ्या सख्ख्या काकांची मुलगी."

बिशपचं बोट खांद्यावरून कोपरावर आलं आणि मनगटावर येऊन थांबलं.

"तोच पणजोबा, तेच मनगट!" रिखेन्झा कडाडली. "माझ्याशी संसार हे पाप, तर तिच्याशी पुण्य कसं? अहो, एक मुलगा झाला असता, तर हा हात जन्मभर बाहीतच राहिला असता!"

बिशपनी ड्यूकची बाही खाली ओढली.