भिवरेच्या दारचा चिखल

गावात पाटी-पेन्सिल यायच्याही आधीची गोष्ट. माळसोंडच्या पेठेत भिवरा नावाची तेलीण राहायची. तिच्या परड्यात पेव होतं, म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. खळी उरकली की घरटी एक सूप जोंधळा त्यात पडायचा. तो जोंधळा गावाचा. गावात काही बांधायचं झालं की बेलदारांची मजुरी त्यातून. पेव उघडलं की आत कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून शहाणे लोक अर्धा दिवस थांबतात. भिवरा मात्र झाकण काढलं की सरळ उतरायची. तिला काही होत नसे, असं म्हणतात.

तिची रीत एकच. मागायला येणाऱ्याला विचारायची, "तुझ्या दारापासनं किती लांब?" स्वतःच्या आळीचं काम असलं की दाणा नाही. मागायचं ते दुसऱ्याच्या आळीसाठी.

सटवाजी कोष्टी इथंच अडकला. कोष्टी आळीच्या विहिरीला कठडा नव्हता. मागल्या साली एक बाई पाय घसरून गेली होती, आणि आता सटवाजीच्या सुनेला सातवा लागलेला. पाणी तर रोज भरायचं. पण सटवाजीसाठी मागणार कोण? तोंडाचा इतका फाटका, की कुठल्याच आळीत त्याला कुणी बस म्हणत नसे. कुंभारांशी तर सात वर्षं बोलणं बंद, तेही एका मेलेल्या बोकडावरनं.

तीन दिवस तो भिवरेच्या दारात भांडला. चौथ्या दिवशी भांडून दमला आणि गाव हिंडायला निघाला. तेव्हा कुठं त्याला दिसलं, की कुंभारांच्या बाया डोक्यावर मडकी घेऊन ओढा ओलांडतात आणि निम्मी मडकी ओढ्यातच जातात. तो परत आला.

"मावशी, कुंभारांना ओढ्यावर फरशी पायजे."

"तुला काय त्याचं?"

"काय नाय. बघवलं नाय."

भिवरा पेवात उतरली. फरशीचा शेवटचा दगड बसला त्या सकाळी बोकडाचा मालक, म्हातारा रखमाजी कुंभार आला आणि कोष्ट्यांच्या विहिरीला कठडा मागून गेला. सटवाजीशी मात्र तो तेव्हाही बोलला नाही. कठडा झाला. सून त्याला टेकून पाणी शेंदायची. नातीचं बारसं विहिरीपाशीच झालं.

बारशाच्या घुगऱ्या द्यायला सटवाजी भिवरेकडं गेला आणि तिच्या दारापुढच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. पाय उपसताना त्याच्या मनात आलं, हिच्यासाठी कोण मागतं? त्यानं गावभर विचारलं. कुणीच मागितलं नव्हतं.

तसाच माघारी जाऊन म्हणाला, "मावशी, तुझ्या दारापुढं फरशी पायजे."

"लई वर्षं लावलीत रे," एवढंच ती बोलली आणि पेवात उतरली. ती काही वर आली नाही. अर्ध्या दिवसानं माणसं दोर घेऊन डोकावली. भिवरा नव्हती. दाणा तळाला गेलेलं ते पेव गळ्यापर्यंत जोंधळ्यानं भरलं होतं, असं म्हणतात.

पेव आता बुजलं. सुपाऐवजी पैशांची पेटी आली. पण खळ्यानंतर गाव अजून त्या परड्यात जमतं, आणि आपल्या आळीसाठी कुणी तोंड उघडत नाही. पहिलं मागणं भिवरेच्या दाराचं. घर केव्हाच पडलं, तरी दरसाल तिथं एक दगड बसतो. त्या दगडांची वाट आता पार ओढ्यापर्यंत गेलीय.