वेशीवरची पालथी घागर

थांबा पाव्हणं, ओंजळ खाली करा. पिंपळझरीत पाण्याची खबर ऐकल्याशिवाय कुणी पाणी पीत नाही. तहान लागलीय, दिसतंय मला, पण जरा दम धरा. ही वेशीवरची दगडी घागर बघा. बाकी गावांत पालथी घागर अपशकुनाची, आम्ही मात्र तिलाच हळदकुंकू लावतो.

फार मागची गोष्ट. इथं म्हाळसा नावाची बाई राहायची. नवरा गेलेला, एकुलती एक लेक ठकू. ठकूचं लग्न ठरलं, हळद लागली, आणि त्याच सुमारास गावात घरोघर हगवण सुरू झाली. बारवेचं पाणी दिसायला नितळ, चवीलाही गोड. पण जो पितो तो अंथरूण धरतो, हे म्हाळसेनं ओळखलं. गावातली जाणती माणसं म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न उरकू दे, मग बघू. पाणी वाईट म्हटलं तर या गावची पोर कोण करील?"



वऱ्हाड उन्हातनं आलं. गाड्यांत म्हातारीकोतारी, तान्ही लेकरं. रिवाजाप्रमाणं बायका गूळपाणी घेऊन पुढं झाल्या. तेव्हा म्हाळसेनं हातातली घागर सगळ्यांसमोर पालथी केली. "आमचं पाणी बाधतंय," ती म्हणाली. "माझी पोर घरात राहिली तरी चालंल, पण तुमची लेकरं माझ्या हातच्या पाण्यानं दगावायला नकोत."

नवऱ्या मुलाचे वडील राणोजी. त्यांनी ऐकलं आणि एक शब्द न बोलता गाड्या माघारी वळवल्या. गावानं म्हाळसेला नाही नाही ते ऐकवलं. ठकू हळदीच्या अंगानं उंबऱ्यात बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर धूळ दिसली. गाड्या परत आल्या होत्या, आणि त्यांत माणसांपेक्षा भरलेल्या घागरीच जास्त. राणोजी उतरले, म्हाळसेपुढं वाकले, असं सांगतात. "विहीणबाई, काल न बोलता गेलो, राग धरू नका. तहानेली पोरं आधी घरी न्यायची होती. माझा सगळा गोतावळा वाचवलात तुम्ही. हे पाणी आधी तुमच्या आजाऱ्यांना पाजा, मग अक्षता टाकू."

तसंच झालं. लग्नानंतर वऱ्हाड्यांनीच गावाच्या जोडीनं बारव उपसली. वरच्या गोठ्यांची घाण आत मुरत होती, ती वाट बंद केली.

आजही इथं वऱ्हाड येतं ते आपल्या घरचं घागरभर पाणी आणून बारवेत ओततं. आणि पाव्हण्याच्या हातावर गूळ ठेवण्याआधी आम्ही पाणी सांगतो, चांगलं असो की वाईट. आता तालुक्याला बाटली तपासायला जाते, निकाल या फळ्यावर लिहितात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी बसलेय इथं. गेल्या जत्रेत निकाल वाईट आला, तोही मीच ओरडून सांगितला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण माणसं आली तशी धडधाकट घरी गेली.

तर ऐका. आजचं पाणी चांगलं आहे. पहिला घोट म्हाळसेच्या नावानं घ्या, आणि मग हवं तेवढं प्या.