गाडीखाली कोण?

अप्पाकाका कधी गॅरेजची पायरी चढत नसत, कारण फुकट राबायला त्यांना धाकटा भाऊ होता. तो भाऊ म्हणजे माझे बाबा. त्या रविवारी काकांनी मोटारीचं इंजिन ऑइल बदलायला काढलं. गाडी नुसत्या जॅकवर उचलली आणि बाबांना खाली शिरायला सांगितलं.

मी आडवी आले. "काका, जॅक चाक बदलण्यापुरता असतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजातून गाडी टेकवायला लोखंडी स्टँड आणते, मग बाबा खाली जातील. आणि जुनं ऑइल या टबात काढा."

"टब कशाला? समोर गटार आहे की!" काका हसले. "आणि जॅकला काय धाड भरलीय? चार बुकं शिकलीस म्हणून मला गाडी शिकवतेस?"

"अप्पांना कळतं गं सगळं," म्हणत बाबा गाडीखाली सरकले.

मी आवाज गोड ठेवला. "बरं काका. खाली अंधार आहे. तुमचा नवा मोबाइल द्या, टॉर्च लावून बाबांच्या छातीपाशी ठेवते."

काकांनी मोबाइल झटकन खिशात टाकला. "वेडी आहेस का? जॅक सरकला तर चुरा होईल त्याचा!"

"आणि बाबांचा?"

काकांनी स्वतःच टब पुढे ओढला आणि पुटपुटले, "दिगंबर, बाहेर ये. स्टँड आणू."

बाबा बाहेर आले, पाठीची माती झटकली आणि माझ्यावर डोळे वटारले. "लाज नाही वाटत? अप्पांचा नवा फोन मागतेस! त्याला काही झालं असतं म्हणजे?"