मळकाईला चिंच का लावत नाहीत

मळकाईचा हा पितळी मुखवटा काळाठिक्कर दिसतो, तो पुजाऱ्याच्या आळसामुळे नव्हे. पुजारी मीच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्या झारेघाटावर देवीला चिंच लागत नाही की राख लागत नाही. नदीत सापडलेलं नाणंही इथे कोणी धूत नाही. शहरातले व्यापारी ते चिखलासकट घेतात, आणि तसंच हवं म्हणतात.

याचं कारण भिवरा. ती झारेकऱ्यांची सून. सोनारांच्या दुकानातला केर आणि नदीतला गाळ धुऊन त्यातलं कणभर सोनं काढायचं, हा त्या लोकांचा धंदा. तिच्या नवऱ्याने, भागोजीने, गाळात सापडलेली जुनी नाणी परगावच्या माणसाला विकली. गढीवरच्या सरकारांना जुन्या नाण्यांचा भारी नाद होता, असं सांगतात. त्यांनी भागोजीला तळघरात कोंडलं. भिवरा पाया पडायला गेली तेव्हा म्हणाले, "शिडाच्या होडीचं नाणं आण आणि नवरा घेऊन जा."

असलं नाणं गावात कोणी पाहिलं नव्हतं. दसऱ्यापासून होळीपर्यंत भिवरा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून गाळ धूत होती. पायांच्या बोटांना काही कळेनासं झालं होतं म्हणे. होळीच्या आदल्या दिवशी तिच्या लाकडी पाटीत ते आलं. नाण्यावर होडी, होडीवर दोन डोलकाठ्या. घाटावरच्या तिघी बायांनी ती आपल्या डोळ्यांनी पाहिली.

इथे ती चुकली. पण चुकली तरी कसं म्हणायचं? जन्मभर सोनं हाताळलेली बाई. सोनं जितकं घासावं तितकं उजळतं, एवढंच तिला ठाऊक. सरकारांपुढे मळकं नाणं न्यायचं कसं? तिने चिंच लावली, राख लावली, वरून बारीक वाळूने घासलं. नाणं शिशाचं होतं. शिसं ते, नखानेसुद्धा ओरखडतं. लख्ख झालं तसं फडक्यात बांधून ती तिघींना घेऊन गढीवर गेली.

सरकारांच्या पारख्याने ते उन्हात धरलं, उलटलं, पुन्हा उलटलं.

"बाई, यावर तर काहीच नाही."

"होती ओ होडी! आम्ही तिघींनी बघितलीया," बाया म्हणाल्या.

"असेल. आता दाखवा."

सरकार उठून आत गेले.

भिवरा घाटावर आली, पाटी उचलली आणि पुन्हा पाण्यात उतरली. पावसाळ्यात भागोजी तळघरातच वारल्याचा निरोप आला. तो तिने ऐकून घेतला आणि गाळ धूत राहिली. तसलं दुसरं नाणं तिला कधी मिळालं नाही. मरेपर्यंत तिने हाताचा चिखल काढला नाही, असं सांगतात. ती गेली त्या जागी बायांनी हा मुखवटा बसवला आणि त्याच्या गालांना नदीचा गाळ लावला.

ऐकणारे कधी कधी डोळे पुसतात. मला काही होत नाही. चाळीस वर्षं सांगतोय.

आजही नदीत नाणं सापडलं की पळसाच्या पानावर ठेवून, बोट न लावता, आधी मळकाईला दाखवतात. मग त्याचा सौदा. भिवराचं नाणं मात्र विकायचं नाही. ते हे काय, मुखवट्यासमोर ठेवलंय. हवं तर हातात घ्या. दोन्ही बाजूंनी कोरं आहे, काही दिसायचं नाही.

फक्त त्यावर अंगठा फिरवू नका.