एस्तेरमावशी कोणाच्या बाजूची?

नदीकाठच्या एका गावात एस्तेर नावाची विधवा सुईण राहत असे. गावातल्या निम्म्या लोकांचा जन्म तिच्याच हातांवर झालेला. गाव तिला मावशी म्हणायचं. दर रविवारी ती गावाबाहेरच्या छोट्या देवळात प्रभू येशूच्या उपासनेला जाई, आणि बोलावणं आलं तर उपासना अर्ध्यावर सोडून बाळंतिणीकडे धावे.

पुढे गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, वाडवडिलांनी घालून दिलेलं तसूभरही बदलायचं नाही. दुसरा म्हणे, जुनं सगळं मोडून टाकायचं. गाव त्यांना जुने आणि नवे म्हणू लागलं. दोघांच्या सभा होत, दोघांचे झेंडे लागत. मधे कुणाला उभंच राहू देत नसत. एकदा दोन्हीकडच्या लोकांनी एस्तेरला विचारलं, "मावशी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

ती म्हणाली, "जिला कळा येतात तिच्या."

लोक हसले, पण ते उत्तर कुणालाच आवडलं नाही.

एका बाजारच्या दिवशी दोन्ही तटांत दगडफेक झाली. एस्तेरचा एकुलता एक मुलगा शीमोन सायकलदुरुस्तीचं दुकान बंद करून घरी निघाला होता. गर्दीत पडलेल्या एका म्हाताऱ्याला उचलायला तो वाकला, आणि जुन्यांच्या बाजूने आलेला दगड त्याच्या कानशिलावर बसला. शीमोन जागीच गेला. दगड कुणाचा ते कळलं नाही. पण त्या बाजूला सगळ्यांत पुढे सर्जेराव होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

नवे लोक शीमोनचा फोटो मागायला आले. त्यांना मोर्चा काढायचा होता. एस्तेर म्हणाली, "माझं लेकरू तुमच्यासाठी मेलं नाही. ते एका म्हाताऱ्याला उचलायला गेलं होतं. खोटं सांगून त्याला मिरवू नका."

ते रागावून निघून गेले.

तीन महिन्यांनी सर्जेरावाची बायको वत्सला बाळंतपणात अडली. नदीला पूर होता, तालुक्याचा रस्ता बंद होता. भर दुपारी सर्जेरावाची आई एस्तेरच्या दारात आली आणि पदर पसरून उंबऱ्याबाहेर बसली. हे कळताच नवे लोकही धावत आले. "मावशी, जाल तर शीमोनचा घात कराल," ते म्हणाले.

एस्तेर आत गेली. शीमोनचा सदरा अजून खुंटीवरच होता. तो छातीशी धरून ती म्हणाली, "प्रभू, मला जायचं नाही. माझ्यात तेवढं प्रेम नाही. तूच माझे पाय हलव."

मग तिने हात धुतले आणि ती गेली.

मूल पायाळू होतं आणि नाळ गळ्याला आवळली होती. एस्तेरने जिवाचं रान केलं. वत्सला वाचली, मूल गेलं. मुलगा होता. एस्तेरने त्याला कोमट पाण्याने पुसलं, मऊ कपड्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून ती ढसाढसा रडली.

ती बाहेर आली तेव्हा अंगणात ओरड उठली, "हिने सूड घेतला!" सर्जेराव तिच्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वाटेत नवे लोक भेटले. त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, "बरं केलंत मावशी. फिट्टंफाट झाली." शिव्या तिने सोसल्या होत्या. ही शाबासकी तिला सोसवेना. ती तिथेच रस्त्यात खाली बसली.

त्यानंतर गावाने तिला बोलावणं बंद केलं. देवळातल्या बायकाही म्हणाल्या, "जायचंच कशाला होतं?" दिवस दिवस ती रिकाम्या हातांनी ओट्यावर बसून राही.

दीड महिन्याने वत्सला भर दिवसा, सगळ्या गावादेखत, एस्तेरच्या घरी आली. म्हणाली, "मावशी, माझ्या बाळाला धरून तुम्ही रडत होता. मी पाहिलंय. घरात सगळ्यांना सांगितलं, पण कुणी मानत नाही."

"तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग पुरे झालं, पोरी."

दोघी शेजारीशेजारी बसून रडल्या. एकीचा मुलगा वीस वर्षांचा होता, दुसरीच्याने एकही श्वास घेतला नव्हता. मग डोळे पुसून एस्तेर उठली. "किती वाळलीस गं," असं म्हणत तिने चूल पेटवली आणि वत्सलासाठी भाकरी थापायला घेतली.

गाव बदललं नाही. एस्तेरच्या घराकडे पुन्हा कुणी बोलावणं घेऊन आलं नाही.

तात्पर्य: जिथे प्रत्येक जण बाजू विचारतो, तिथे वैऱ्यावर केलेली दया दोन्हीकडच्यांना खोटी वाटते. तरीही ती करावी. कारण दया लोकांना पटावी म्हणून करायची नसते, समोरचा माणूस अडला आहे म्हणून करायची असते.