नोहेआ राणीची सावली

हवाई बेटांतल्या हालेअनूच्या खोऱ्यात समुद्राकडून वर येणारा रस्ता एका काळ्या दगडापाशी वळसा घेतो. सरळ नेला असता तर सोपं झालं असतं, पण दगड हलवायचं नावसुद्धा इथं कुणी काढत नाही. खोऱ्यातले म्हातारे कायमाना काका पाहुण्यांना इथवर आणतात, आणि कुणी दगडापुढं वाकायला लागलं की दटावतात, "अहो, वाकताय काय! बसा. आमची राणी बसली होती इथं." मग स्वतःही टेकतात आणि सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजा म्हणजे साक्षात देव. त्याची स्वारी आली की लोकांनी जमिनीवर पालथं पडायचं, आणि कुणाची सावली राजाच्या अंगावर पडली तर तिथल्या तिथं त्याचा जीव घ्यायचा, असा कायदा होता म्हणे. "केकोआ राजा माणूस म्हणून वाईट नव्हता बरं का," काका घाईघाईनं सांगतात. "कायदाच त्याच्या डोक्यावर बसला होता."

या केकोआची राणी नोहेआ. तिची दोन बाळं महिन्याची व्हायच्या आतच गेली, पुढं कूस उजवेना. पुजाऱ्यानं सांगितलं, डोंगरावरच्या देवळात दोघं अनवाणी चालत जा, वाटेत थांबू नका, सूर्य बुडायच्या आत पोचा, देव मूल देईल. या खेपेला देव आपलं ऐकणार, असं राणीच्या मनानं घेतलं होतं. पायांना फोड आले तरी ती राजाच्या बरोबरीनं चालत होती.

उन्हं कलली होती. कलेआ नावाची एक बाई अळूच्या खाचरातून घरी निघाली होती, वाटेत कळा सुरू झाल्या म्हणून या दगडाशी टेकली. तेवढ्यात भालदार ओरडले, "आडवे व्हा!" पोटुशी बाई पालथी पडणार कशी? तिनं धडपड केली, पण जमेना. राजा समोर आला आणि तिची लांबलेली सावली थेट त्याच्या पायांवर पडली.

एका भालदारानं सोटा उचलला. वर देऊळ दिसत होतं, अगदी हाकेच्या अंतरावर, आणि सूर्य खाली सरकत होता. थांबलं तर नवस मोडणार होता. असं सांगतात की राणीनं एकदाच देवळाकडं पाहिलं, आणि मग ती वाट सोडून कलेआच्या खांद्याला खांदा लावून धुळीत बसली. दोघींच्या सावल्या एक होऊन राजाच्या पायांवर पडल्या.

"आता यातली माझी कुठली आणि तिची कुठली, तेवढी निवडून दे," ती भालदाराला म्हणाली, "आणि मग खुशाल मार."

त्याचा हात वरच राहिला.

बरोबर आलेला पुजारी काकुळतीला आला. "राणीसाहेब, उठा! सूर्य बुडाला तर मूल नाही मिळायचं तुम्हाला."

"देवाकडं मूल मागायला निघालोय, आणि वाटेत एक मारून जायचं?" राणी म्हणाली. "नको मला तसलं." बोलताना ती रडत होती म्हणे, पण जागची हलली नाही. शाब्बास गं माझी बाई, असं काका इथं दर खेपेला म्हणतातच.

मग राजा वळसा घालून पलीकडं गेला, मावळतीकडं पाठ करून उभा राहिला आणि त्यानं आपला पिसांचा झगा दोन्ही हातांनी पसरून धरला. राजाची सावली दुसऱ्यावर पडू नये, असं कायद्यात कुठंच नव्हतं. त्या सावलीत कलेआला मुलगी झाली. नाळ राणीनं कापली. देवळात त्या दिवशी कुणीच पोचलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी राजानं सावलीचा कायदा मोडीत काढला.

नोहेआला पुढं मूल झालंच नाही. राजाचा वंश तिच्यापाशी खुंटला, असं बाहेरचे लोक सांगतात, आणि ते ऐकून काका नुसतेच हसतात.

आजही वर्षातून एकदा, राणीच्या दिवशी, सगळे या वाटेवर जमतात. काका खणखणीत आवाजात विचारतात, "नोहेआ राणीची लेकरं कोण कोण आलीत?" आणि म्हातारेकोतारे, बाया, पोरं, अख्खं खोरं छाती पुढं काढून उभं राहतं. पोटुश्या बायका तेवढ्या बसून राहतात. त्यांना उठा म्हणायची कुणाची टाप नाही.